आमची भाऊबंदकी आणि माझं लग्न

आठवीत मराठीच्या बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, भाऊबंदकी, आणि विचारलं, अर्थ कोण सांगणार. एकानंही हात वर केला नाही. अर्थ येत नव्हता असं नाही. अर्ध्या बाकांवर एकमेकांचे भाऊबंद बसले होते, आणि आधी कोणी बोलायचं यावरूनसुद्धा आमच्याकडे पेटू शकतं. शेवटी मी उठले. मला काही विचारलं की मी सांगत नाही, करून दाखवते, ही खोड जन्माची. बाकाच्या डावीकडे उभी राहून मी माझे बाबा केले. हात कमरेवर, मान वर, जणू माडावरचे नारळ मोजतायत. मग उजवीकडे जाऊन शेजारचे काका केले. पंचा झटकायचा, घसा खाकरायचा आणि समोरच्या माणसाकडे असं बघायचं की तिथे माणूस नाही, कपडे वाळत घातलेत. दोघं मिळून एक शब्द बोलले नाहीत. वर्ग लोळला. बाईसुद्धा हसल्या. मग डस्टर आपटून त्यांनी फळ्यावर खरा अर्थ लिहिला: भाऊबंदांमधील कायमचे वैर. परीक्षेत तो आला आणि मला पूर्ण मार्क मिळाले.

पण तो अर्थ अर्धाच आहे, हे मी तेव्हापासून म्हणत आले आहे आणि अजून म्हणते. ज्याला पटत नाही त्यानं आमच्या वाडीत येऊन राहावं.

आमच्याकडे हा शब्द कसा चालतो ते बघा. भांडण होतं, मारामारी होते, पण भाऊबंदकी ‘आसा’, म्हणजे असते. घराला बाव, म्हणजे विहीर, असावी तशी. “त्येंची भावबंदकी आसा,” असं म्हणतात, आणि ऐकणारा मान डोलावतो, जणू त्यांना चांगली आंब्याची कलमं आहेत असं सांगितलं. भाऊबंदकी केली असं कोणी म्हणत नाही. ती आधीपासून असते, तुम्ही मागाहून जन्माला येता. आणि ती शेजाऱ्याशी होत नाही. शेजाऱ्याशी वाकडं येतं, पोलिसात जाता येतं, घर विकून कुडाळला जाता येतं. भाऊबंदकी फक्त त्याच्याशीच, ज्याच्या घरी कोणी मेलं तर तुमच्या घरचे देव पारोसे राहतात.

हे शेवटचं वाक्य बाईंनी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

आमचं घर आणि काकांचं घर यांच्यामध्ये छातीएवढा चिऱ्याचा गडगा आहे. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांचं थोरलं घर, आमचं धाकटं. भांडणाचं कारण विचाराल तर दोन कारणं आहेत, प्रत्येक घराचं आपलं. आमच्या घरचं असं, की आजोबांच्या काळी एका लग्नात मानाचा नारळ घ्यायला थोरल्या घरचे वेळेवर आलेच नाहीत, मुहूर्त टळत होता, म्हणून तो दुसऱ्याच्या हातात दिला. त्यांच्या घरचं असं, की त्यांचे आजोबा पायात वहाणा घालत होते, तेवढासुद्धा दम आमच्या आजोबांना निघाला नाही. तो नारळ कोणी फोडला, कोणी खाल्ला, कोणालाच आठवत नाही. वहाणा मात्र दोन्ही घरांत आठवतात.

मी जन्मले तेव्हा बोलणं बंद होऊन जमाना झाला होता. काका माझ्याशी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते. पण त्यांचा आवाज मला माझ्या आवाजापेक्षा जास्त पाठ. गडग्यापलीकडून तो दिवसभर यायचा. गाईला ओरडताना वेगळा, फोनवर मुंबईच्या भावाशी बोलताना वेगळा. मुंबई लांब आहे म्हणून मोठ्यानं. मी काकांची नक्कल एवढी हुबेहूब करायचे की एकदा आमची आत्या पदर सावरून उभीच राहिली. वाडीत कुठेही बारसं असो, हळद असो, बायका मला धरायच्या. “गो, वायच तुझो काको करून दाखव.” आणि बाबा, जे काकांचं नाव घेत नसत, ते मागच्या दाराशी उभे राहून हसायचे. मी बघितलंय.

बोलणं बंद म्हणजे व्यवहार बंद, असं मात्र समजू नका. लग्नाची पत्रिका द्यावीच लागते, भावकीचा हक्क असतो तो. म्हणून आमच्याकडे पत्रिका, सुपारी आणि चार अक्षता गडग्यावर ठेवून वर एक दगड ठेवायचा आणि मागे न बघता यायचं. सकाळी बघावं तर नुसता दगड. त्यांची आली की आम्हीपण तसंच. येत कोणीच कोणाकडे नाही, पण आमंत्रण चुकत नाही.

मरणाचं मात्र गडग्यावर ठेवून चालत नाही. सुतक तोंडानं सांगावं लागतं, आणि घरच्याच माणसानं. कितीही भाऊबंदकी असो, हा एक निरोप जातो, आणि त्याला बोलणं धरत नाहीत. काकी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. काका गडग्याशी आले, बाबांना म्हणाले, “आमची बायल गेली,” आणि परत फिरले. बाबांनी मान हलवली. त्यानंतर आमच्या घरी सुतकाचे सगळे दिवस देवाला दिवा लागला नाही, मासळी शिजली नाही, बाबांनी दाढी केली नाही. बाराव्याला जाऊन पंगतीत बसले, जेवले, उठून आले. जाताना बोलले नाहीत, येताना बोलले नाहीत.

आता माझं लग्न. स्थळ वेंगुर्ल्याकडचं, मुलगा बोटीवर. बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी पोहे खाता खाता विचारलं, “तुमची म्हणे भावबंदकी आसा?” आईचा चेहरा पडला. या एका शब्दावर चांगली चांगली स्थळं परत गेलेली आम्ही पाहिलीयत. मी आतून आले आणि म्हटलं, “आसा. तुमची नाय?” त्या म्हणाल्या, “नाय बाये, आमका भाऊबंदच नाय.” मी म्हटलं, “मगे आमचे घेवा थोडे.” आईनं मला दारामागे ओढलं. पण सासूबाई हसल्या आणि दुसऱ्यांदा पोहे घेतले. लग्न ठरलं. त्याची बोट पंधरवड्यात निघणार होती, परत यायला पुढचं वर्ष. म्हणजे लग्न व्हायचं तर त्या तारखेला, नाहीतर वर्षानंतर, आणि वर्षानंतर त्याच्या घरचे तोंड फिरवणार नाहीत याची हमी नाही. अशुभ झालं की मुलगी पांढऱ्या पायाची, हे म्हणायला लोकांना पोहेसुद्धा लागत नाहीत.

लग्नाच्या आदल्या सकाळी घरापुढच्या खळ्यात माटव उभा होता, बायका भाजी चिरत होत्या आणि मी पडवीत मोबाइल बघत बसले होते. काकांचा मुलगा मुंबईला नोकरीला आहे, शाळेत माझ्याच वर्गात होता. आम्ही बोलत नाही, पण एकमेकांचं स्टेटस रोज बघतो. नव्या पिढीनं भाऊबंदकीत केलेली सुधारणा म्हणा. त्या दिवशी त्याच्या स्टेटसला फोटो होता. हार घातलेला. मुंबईचे काका, म्हणजे शेजारच्या काकांचे थोरले भाऊ. खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

मी मोबाइल घेऊन बाबांकडे गेले. बाबांनी फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “ह्या काय लिवलाहा ता माका दिसणा नाय. चष्मो खंय आसा?” चष्मा त्यांच्या खिशात होता. आम्हा दोघांनाही दिसत होता.

आत्याला आत बोलावलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्या घरची विधींची वकील. सोवळं, ओवळं, कोणाला किती दिवस, सगळं तिच्या तोंडावर. दार लोटून घेऊन ती म्हणाली, “सुतक ऐकल्यापासून. कानार इला तर लागला. येवक नाय तर लागणा नाय.”

“आणि वाचला तर?” मी विचारलं.

“आमच्या टायमाक मोबाइल नाय होते. माका इचारू नको.”

“फोटोच बघलंय, आतेनू. अक्षरा बघूक नाय.”

“मगे तुका काय्येक म्हायत नाय. माकाय काय्येक म्हायत नाय. आणि तुका रे?”

बाबा म्हणाले, “माझो चष्मोच नाय.”

“पण किती येळ?” आई कुजबुजली. “आख्ख्या वाडीत झाला आसतला.”

तेव्हा आत्यानं तोडगा सांगितला. लग्नघरात देवक बसलं, म्हणजे लग्नाचे देव विधीनं बसवले, की लग्न उरकेपर्यंत सुतक लागत नाही, मग कोणी माटवाच्या खांबावर चढून ओरडलं तरी. आमचं देवक दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचं होतं. ते त्याच दुपारी बसवायचं. तोपर्यंत कोणाच्या तोंडातून शब्द फुटता कामा नये. भटजींना फोन मी केला.

“अहो, पण तुमचं उद्या सकाळचं ठरलं ना?” भटजी नाकातून म्हणाले. भटजी फोनवर नेहमी पुस्तकी मराठी बोलतात.

“उद्या लई गर्दी आसा. आज दुपारी येवा.”

भटजी थोडे थांबले. मग एकदम मालवणीत उतरले. “माकाय काय म्हायत नाय हां. तिठ्यावर च्या पिवक गेल्लंय, थय लोक बोलत होते, पण माझा लक्ष नाय होता. येतंय.”

मग सुरू झाला तो तमाशा मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळ्या वाडीला माहीत होतं आणि सगळी वाडी आमच्याकडे कामाला आली होती. जो येई तो मोठ्या मोठ्यानं दुसरंच काही बोले. कोण काजूचा भाव, कोण रस्त्याचं डांबर. कोपऱ्यावरची एक बाई पदर तोंडाला लावून, चेहरा पाडून आत शिरली. तिचं तोंड उघडणार तेवढ्यात आईनं त्यात अख्खा लाडू घातला. “आधी तोंड गोड कर गो.” ती बाई बिचारी डोळ्यांनी सांत्वन करत लाडू चावत राहिली. आचारी मला बघून म्हणाला, “वाईट झाला,” आणि आम्ही सगळे गोठलो. तेव्हा त्यानं घाईघाईनं भाताच्या टोपाकडे बोट दाखवलं. “भाताचा. वायच लागलो.”

एकच माणूस असा होता ज्याच्या तोंडात लाडू घालता येत नव्हता. शेजारचे काका. ते थोरल्या घरचे, सांगायचं काम त्यांचं. मुंबईला सकाळीच सगळं उरकलं होतं, पण भावाच्या दिवसांना ते संध्याकाळच्या गाडीनं निघणार होते. म्हणजे सांगायचं झालं तर त्याच दुपारी. आणि ते सांगणार, यात कोणाला शंका नव्हती. थोरल्या घरचा माणूस गेला आणि भावकीनं सुतक धरलं नाही, तर तो माणूस बेवारशासारखा गेल्यात जमा. असा अपमान कोण करून घेईल, तोही ज्यांच्याशी भाऊबंदकी आहे त्यांच्यासाठी.

“माजघरात जावन बस,” आत्या मला म्हणाली. “लग्नाची चेडवा भायर फिरणत नाय.” बाबांना तिनं पोटमाळ्यावर पाठवलं होतं, ताटं काढायला. ताटं केव्हाच खाली आली होती. बाबा आले नव्हते.

मी माजघरात बसले, आणि बसता बसता मला राग आला. काकांचा नाही. आम्हा सगळ्यांचा. एक माणूस गेला होता. त्याच माणसानं बाबांना लहानपणी खांद्यावर बसवून मसुऱ्याच्या जत्रेला नेलं होतं, हे मला आईनं कधीतरी सांगितलं होतं. आणि बाबा आता त्याच्यापासून पोटमाळ्यावर लपले होते. माझ्यामुळे. मला लग्न करायचंच होतं, त्या तारखेला, त्याच मुलाशी, यात तडजोड नाही. पण लपून नाही. लपायला मी कोणाचं काय चोरलंय. मी उठले आणि मागच्या दारानं गडग्याकडे गेले, तशीच, हातात चुडा, हळद आणि मुंडावळ्या नव्हत्या एवढंच.

काका तिथेच उभे होते. खांद्याला प्रवासाची पिशवी, पांढरा सदरा, डोळे सुजलेले. मला बघून त्यांनी पंचा झटकला आणि घसा खाकरला. मी हे शंभर बारशांत केलं असेल. समोरून बघताना हसू आलं नाही.

“काकानू,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

ते माझ्या मागच्या माडाकडे बघत राहिले.

“तुमी बोललास तर माझा लगीन फुडच्या वर्सार जाता. कदाचित होवचाच नाय. बोलूचा आसात तर बोला. मी कानात बोटा घालूचंय नाय.”

 खळ्याकडून खोबरं किसल्याचा आवाज येत होता. त्यांनी एक हात गडग्यावर ठेवला, पत्रिका ठेवतो तिथेच, आणि तिथलं शेवाळ नखानं खरवडत राहिले.

“तुझो बापूस खंय आसा?” शेवटी त्यांनी विचारलं. अजून माडाकडेच बघत.

“पोटमाळ्यार.”

“थय काय करता?”

“लपता.”

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. हसले म्हणवत नाही. “ल्हानपणापासून थयच लपता तो.”

 भटजींच्या मोटारसायकलचा आवाज रस्त्यावर आला, खळ्यात शिरला, बंद झाला. तो आवाज काकांनीही ऐकला. काय चाललंय ते त्यांना कळलं असणार, थोरल्या घरचे आहेत ते, विधी आत्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. मी तिथेच उभी राहिले. विनवणी करायची नाही हे मी येतानाच ठरवलं होतं. मला विनवणीची नक्कल जमते, खरी जमत नाही.

“आमचा तुमचा बोलणा नाय,” काका म्हणाले.

“नाय.”

“आज्यापासून नाय.”

“होय.”

“मगे मी कित्याक काय सांगू?”

 त्यांनी पिशवी खांद्यावर नीट केली. दोन पावलं गेले, थांबले, आणि पाठमोरेच म्हणाले, “तू माझी नक्कल करतंस मा?”

मी नाही म्हणू शकले असते. “करतंय,” म्हटलं.

“आज करू नको.”

आणि गेले. वाडीच्या वाटेनं, रस्त्याकडे, गाडीला.

देवक बसलं. भटजींनी अक्षता टाकल्या तेव्हा आत्यानं असा श्वास सोडला की समई विझायची. बाबा पोटमाळ्यावरून खाली आले, केसात जळमटं घेऊन, आणि विनाकारण एक ताट पुसत बसले. संध्याकाळी हळदीला पाहुण्या बायकांनी धरलंच. “काको कर. काको कर.” मी भटजी केले, एसटीचा कंडक्टर केला, आत्या केली, आत्या समोर बसलेली असताना. काका केले नाहीत. “त्येची आज तब्येत बरी नाय,” म्हटलं, आणि ज्यांना कळायचं त्या गप्प झाल्या. माटवाचा भोंगा रिवाजाप्रमाणे काकांच्या घराकडे तोंड करून बांधला होता. आमच्याकडे तो नेहमी तिकडेच बांधतात, त्यांचाही आमच्याकडे असतो. मी माटववाल्याला सांगून तो समुद्राकडे फिरवायला लावला. बाबांनी बघितलं आणि विचारलं नाही.

लग्न झालं. चांगलं झालं, भातसुद्धा लागला नाही. मी वेंगुर्ल्याला गेले, तिथे सत्यनारायण झाला, सगळ्यांच्या पाया पडून पडून माझी कंबर गेली. मला वाटत होतं की आता लग्न उरकलं, देवक उठलं, आता घरी कोणीतरी बाबांना सांगेल आणि ते उरलेले दिवस धरतील. रीत तशीच आहे. मी आईला फोन केला.

आई म्हणाली, “खय गो. तुझो बापूस म्हणता, माका कोणी सांगूकच नाय. थोरल्या घरान आमका कळवल्यान नाय म्हणजे आमका भावकीत धरूकच नाय. म्हणता, आता आमीय तेंका धरूचे नाय. रविवारी मटण आणूक सांगल्यान.”

मी फोन ठेवला आणि बसून राहिले. म्हणजे हे असं होतं. काकांनी तोंड मिटलं ते माझ्यासाठी, आणि बाबांनी त्याचाच नवा गुन्हा केला. वहाणांसारखा. आणखी तीस वर्षांनी आमच्या घरची पोरं गडग्यापलीकडे न बघता सांगणार, आमका कळवल्यान नाय. आणि दुसऱ्या घरची सांगणार, भावाचं मरण गिळलं तर यांनी मटण खाल्लं. आणि नवी भाऊबंदकी जिच्या लग्नावरून, ती मी. हे मला मान्य नव्हतं. अजिबात नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “देवाकडे दिवो लाव गो बाये.”

“आज लावूचंय नाय,” मी म्हटलं. “माझा सुतक आसा.”

त्यांच्या हातातली वात खाली पडली. नव्या नवरीच्या तोंडून तिसऱ्या दिवशी हा शब्द. “कोण गेला गो? सख्खो कोण?”

“बाबांचे चुलतभाऊ. मुंबयचे.”

“मगे तुका खयचा सुतक? लगीन झाला तुझा. तू आता आमची. तुका तेंचा काय्येक लागणा नाय.”

“लागता.”

“आणि तेंच्याशी तर तुमची भावबंदकी मा?”

“भावबंदकी आसा म्हणानच लागता,” मी म्हटलं. “ज्येंच्याशी नाय तेंचा कशाक लागात?”

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता सुनावणार. पण त्या म्हणाल्या, “आमका भाऊबंद नाय म्हणान तू त्या दिसा आमका हसलंस. नाय ताच बरां,” आणि दिवा स्वतः लावायला गेल्या. जाताना म्हणाल्या, “केसातला फूल काढ मगे. अर्धा अर्धा धरू नको.”

मी फूल काढलं, काकांच्या मुलाच्या स्टेटसवरची अक्षरं आता नीट वाचली आणि बाबांना फोन लावला. मागे टीव्ही चालू होता.

“बाबा, एक सांगूचा आसा.”

“जेवलंस?”

“मुंबयचे काका गेले.”

टीव्ही चालूच राहिला. मग बाबा म्हणाले, “कोणी सांगल्यान तुका?”

“तुमका मी सांगतंय.”

“तू आता परक्या घरची. तुझ्या तोंडचा धरणत नाय. थोरल्या घरच्या माणसान येवन सांगूक व्हया होता.”

“इल्ले ते. लग्नाच्या आदल्या दिसा गडग्यार इल्ले, गाडीक जायच्या आधी. तुमी पोटमाळ्यार होतास.”

“मगे सांगूक कित्याक नाय?”

“माझा लगीन मोडला असता म्हणान. समोर उभे रवले आणि सांगूक नाय. माका म्हणाले, आमचा तुमचा बोलणा नाय, मगे मी कित्याक सांगू. भाव गेल्लो त्येंचो, बाबा. तुमचोय गेलो. आणि तुमी मटण आणतास.”

बाबांनी टीव्ही मोठा केला.

“तुमका अपमान व्हयो आसात तर दुसरो खयचो तरी शोधा. माझ्या लग्नाचो मी घेवक देवचंय नाय. भावबंदकी करूची तर नीट करा, बाराव्याक पंगतीत जावन बसा आणि बोलू नका. पण काका गेले. मी सांगतंय. आता तुमी ऐकल्यास.”

टीव्हीचा आवाज बंद झाला.  मला वाटलं फोन ठेवणार. मग त्यांनी विचारलं, “केवा गेलो?”

“बुधवारी. फाटे.”

“खय? घरातच?”

“घरातच. झोपेत.”

“बरां,” बाबा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, कोणाचाच नव्हता, मला तो कधी करता येणार नाही. मग फोन बाजूला झाला, आणि त्यांनी आईला दिलेली हाक लांबून ऐकू आली. “न्हाणयेत पाणी काढ गो.” भावकीतलं मरण कानावर आलं की आमच्याकडे आधी आंघोळ करतात, मग बाकीचं.

बादली आपटल्याचा आवाज आला, रहाटाची करकर आली. थोड्या वेळानं आईनं फोन उचलला.

“ठेव गो आता,” ती म्हणाली. “तुझो बापूस न्हाणयेत गेलो. टॉवेल पण घेवक नाय.”